‘न’ची जागा

कलिन्याला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
ग्लेंडा किनी माझ्या तोंडात अंगठा घालते.
हातमोज्याला पावडरची चव.
शेवटच्या दाढेवर टेकून ती जबडा खाली दाबते,
मग किंचित पुढे घेते,
अडकलेला ड्रॉवर काढावा तसा:
आधी खाली, मग आपल्याकडे, धसमुसळेपणा नाही.
“तू काही करू नको,” म्हणते.
नेमकं तेच मला जमत नाही.

एकवीस वर्षं पाणी खात्याच्या तक्रार-खिडकीत बसते मी.
गढूळ पाणी, कमी दाब, मीटर बंद,
समोरच्या बिल्डिंगला येतं मग आम्हाला का नाही.
काचेला बोलण्यापुरतं गोल भोक आहे,
माझ्या बाजूने ते फारसं वापरलं गेलं नाही.
दात-ओठ खाणं म्हणतात ना,
मी ओठांना सोडलं, नुसते दात खाल्ले.
झोपेतसुद्धा.
यशोधन सकाळी विचारायचा,
“रात्री खडीसाखर कोण फोडत होतं?”

मग वाकोल्याच्या नाक्यावर एक पुरी अर्ध्यातच थांबली.
कानापुढे कट्ट झालं
आणि तोंड तेवढंच राहिलं.
पाणीपुरीवाला पुढची पुरी हातात धरून उभा,
चिंचेचं पाणी त्याच्या मनगटावरून गळतंय,
आणि मी त्याच्याकडे आ वासून,
तो आ देखील धड नाही.

ग्लेंडाने कंपासपेटीतली पट्टी लावली: बावीस मिलिमीटर.
“तुझीच तीन बोटं उभी जायला पाहिजेत.”
दीड जात होतं.

गालाच्या आत तिचं बोट, बाहेर अंगठा,
मधे सुपारीएवढी गाठ.
“इथं?”
हुं.
तोंडात बोट असताना हुं-च्या पलीकडे भाषा नाही.
तिथे काय साठलंय हे ती विचारत नाही,
नुसती धरून ठेवते,
वीस सेकंद, तीस,
डोक्यावरून विमान उतरतं, तावदानं थरथरतात,
तिचं मोजणं चुकत नाही,
आणि गाठ सुटते तेव्हा
माझ्या डोळ्यांना पाणी येतं, पूर्ण दाबाने.
रडत नव्हते मी.
नोंदवण्यासारखं काही नव्हतं.

घरी आरशावर उभ्या रांगेत पाच टिकल्या.
हनुवटीने त्याच वाटेने खाली जायचं.
माझी तिसऱ्या टिकलीपाशी डावीकडे वळते,
सवयीचं वळण असल्यासारखी.
कुल्फीच्या काड्या धुऊन, एकीवर एक रचून दातांमधे:
सात. आठवड्याने आठ.
आठच. परत सात.

“जीभ कुठं असते तुझी?”
हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
“न म्हण.”
न.
“आता थांब तिथंच. टोक वरच्या दातांच्या मागं,
दात सुटे, ओठ मिटलेले. दिवसभर.”
ऑफिसातही?
“ऑफिसात तर जरूर.”

तेव्हापासून मी खिडकीत बसते
न-च्या उंबरठ्यावर.
इथून ‘नाही’ म्हणजे
एक काना, एक ह, एक वेलांटी.

गुरुवारी तांडेलसाहेबांनी कागद सरकवला,
सलग चौथ्या शनिवारच्या ड्युटीचा.
जीभ जागेवर होती. दात सुटे होते.
निघालं ते, “नंतर बघते.”

ग्लेंडाला सांगितलं तर ती हसली,
तिचं हसू अंगठ्यातून माझ्या दाढेत उतरलं.
“चालेल,” म्हणाली, “बावीसचे एकतीस झालेत.”

कागद अजून पेपरवेटखाली आहे.
काल दुपारी साडेतीनला, समोर रांग असताना,
जांभई आली.
वर्षभर मी जांभया हनुवटी धरून गिळल्या.
ही येऊ दिली,
पहिली टिकली, दुसरी, तिसरी,
कानापुढे कट्ट होईल म्हणून थांबले,
झालं नाही,
आणि काचेपलीकडे छत्तीस नंबरच्या चाळीतला माणूस
कमी दाबाबद्दल सांगता सांगता अडला,
आणि त्यालाही आली.