पुलावरचा प्रसंग

कुल्दिगात तो सिनेमा वर्षातून एकदाच लागतो,
ऑगस्टात, लायब्ररीच्या माडीवर.
रीगात म्हणे आठवडाही टिकला नव्हता.
एका समीक्षकाने एवढंच लिहिलेलं : नायिकेची टोपी बरी आहे.

इथे मात्र खुर्च्या कमी पडतात.

गोष्ट सांगण्यासारखी नाही.
तो घड्याळं दुरुस्त करतो, ती मुद्दाम बिघडवून आणते.
विनोदाला कुणी हसत नाही;
हसू फुटतं भलतीकडेच :
"अगं, ती बघ व्हेल्टाची शेळी!"
"बेकरीचं दार हिरवंच होतं. मी म्हणत नव्हते?"

मग पूल येतो, लाल विटांचा.
तो तिचा हात धरतो, टोपी नदीत पडते,
आणि अख्खी खोली गप्प.
चुंबनाकडे कुणाचं लक्ष नाही.
त्यांच्या मागून, जरासा धूसर,
एक माणूस सायकल ढकलत जातो,
हँडलला माशांची पिशवी.
कॅमेऱ्याकडे बघू नका, असं बजावलेलं असणार.
तो बघतो.

सहा सेकंद. मी मोजलेत.
तिसऱ्या रांगेत स्काइद्रिते चष्मा पुसते,
पण आधीच, पूल यायच्या आधी.

दिवे लागले की दरवर्षी मला विचारते,
"शेवटी त्या दोघांचं जमतं का गं?"
जमतं, मी सांगते.
"बरं झालं."
मग कठडा धरून जिना उतरताना,
तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबून,
"ते मासे आमच्या घरी आले नव्हते, हं."