नव्व्याण्णव म्हणजे गहाळ

दोनशे बारा अर्ज. बाहेर उणे एकवीस.
एर्झुरुमच्या जानेवारीत काचेला आतूनही बर्फ धरतो.
नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर
मी, आणि मध्येच खोकणारा हीटर.

दाताखाली साखरेचा खडा धरून चहा पितेय,
आमच्या गावात असाच पितात,
आणि आकडे भरतेय एकेका चौकटीत.
‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर माझा विश्वास आहे.’
एक म्हणजे मुळीच नाही. पाच म्हणजे पुरेपूर.
कोरं सोडलं असेल तर नव्व्याण्णव.
नव्व्याण्णव म्हणजे गहाळ.

बहुतेकांनी तीन दिलेत.
तीन म्हणजे, बाई, आम्हाला नका विचारू,
सकाळी सहाला ड्युटी आहे.

नावं लिहायची नाहीत, असं मीच बजावलं होतं.
पण तापाच्या तक्त्यावर आकडे काढायला
ज्यांना मी शिकवलं, त्यांचा सात मला ओळखू येणार नाही?
समासात खाटेचा नंबर सतरा,
साताच्या पोटात आडवी रेघ. ही शेहरिबान.
मी न ओळखल्यासारखं करते.

तिनं एकही चौकट भरलेली नाही.
नुसतं समासात, पेन्सिलीनं, मुंग्यांसारखं:

‘सतरा नंबरचे आजोबा. पडद्यावर सगळं हिरवं. धोका कमी.
त्यांची ओल्तूच्या काळ्या दगडाची जपमाळ
रोज उजव्या हातात असते.
त्या दुपारी डाव्या हातात होती.
डॉक्टरांना मला धड सांगताही येईना,
माळ डावीकडे गेलीय, माळ डावीकडे गेलीय,
एवढंच म्हणत राहिले.
हा कितवा प्रश्न, बाई? सातवा की अकरावा?’

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं.
वार्षिक समारंभाला छान भाषण झालं असतं,
माणसाची नजर वगैरे.

पण खाली एकशे त्रेसष्टावा अर्ज होता.
सगळीकडे पाच. पेन दाबून, कागद फाटेपर्यंत पाच.
मागच्या कोऱ्या बाजूला:

‘रात्री तीनला मी जिन्यात होतो. आईचा फोन.
गाय अडली होती, आई रडत होती.
नऊ नंबरचा रक्तदाब उतरतोय हे त्यानं पाहिलं.
मी नाही.
ती बाई वाचली. तिला वाटतं, मी वाचवलं.
तिनं मला लोकरीचे मोजे विणून दिलेत.
मी ते घालत नाही.’

हा कुणाचा, ते मला खरंच कळलं नाही.
उद्या वर्गात सगळ्यांच्या पायांकडे बघेन,
आणि बघितलं म्हणून लाजेन.

आणखी एकीनं नुसतं विचारलंय:
हे आत कसं चालतं, तुम्हाला तरी माहीत आहे का?
‘समज’ या मथळ्याखाली दहा प्रश्न आहेत.
ते मीच काढलेत.
त्यातल्या चारांची उत्तरं
मी किल्ली उघडून तपासते.

मध्यरात्रीनंतर सगळे समास टाइप करून
मी त्यालाच दिले. म्हटलं, सांग, काय म्हणतात मुलं?
पापणी लवायच्या आत उत्तर:
‘विद्यार्थ्यांच्या भावना संमिश्र आहेत.
अधिक प्रशिक्षणाची गरज दिसते.’
चूक काहीच नाही त्यात.
माझ्या अहवालातही हेच वाक्य येणार,
फक्त मला दोन महिने लागतील.

शेहरिबानच्या ओळीत वीस वेळा नव्व्याण्णव भरलं.
मग वीसही खोडले.
मग पुन्हा भरले, कारण दुसरा आकडाच नाही.

साखर केव्हाच विरघळली होती.
उठताना ग्लास उचलला,
आणि दिव्याखाली क्षणभर थबकून
पाहिलं, तो कुठल्या हातात आहे.