विरजण

बोटीवर मी इंजिनाकडे असतो.
डिझेलचा फिल्टर दर फेरीला उघडतो,
काळं चिकट बोटांनी निपटून
चिंधीला पुसतो, परत बसवतो.
तो मैला अडवतो. एवढंच त्याचं काम.

घरी, हर्णैला, खिडकीच्या कट्ट्यावर
दोन फुटी काचेची टाकी.
तिच्यात व्हाळातलं गवत आणि पाच मासे,
कपाळावर चांदीचा ठिपका. पोरं त्यांना टिकली म्हणतात.
मी बारा-बारा दिवस नसतो.
किल्ली शेजारी सुगंधावहिनींकडे,
त्याही दिवा लावण्यापुरत्या येऊन जातात.
तेव्हा मला असा फिल्टर हवा होता
ज्याला माझी आठवण येणार नाही.

दापोलीच्या दुकानात होता एक, निळ्या खोक्यात.
दुकानदार म्हणाला, दर आठवड्याला स्पंज धुवायचा.
मी खोकं परत फळीवर ठेवलं.

चिरेखाणीवर कपच्या फुकट मिळतात.
जांभा सुपारीएवढा फोडला,
आत भोकंच भोकं, माश्या सोडून गेलेल्या पोळ्यासारखी.
सात पाण्यांनी धुतला. सातवंही लाल.
अकराव्या बादलीला पाणी कंटाळलं आणि निवळलं.
वाण्याकडून चकलीची रिकामी बरणी आणली,
तापल्या खिळ्याने तळाला चाळीस भोकं पाडली,
टाकीच्या डोक्यावर बसवली.
खालचं पाणी पंपाने वर,
वरून झिरपत खाली, दगडादगडातून, वाऱ्याला भेटत.
म्हणजे लाईट गेली, आणि आमच्याकडे ती जातेच,
तरी दगड ओले राहतील, त्यांचा श्वास चालेल.
झाकणाला फाटक्या जाळ्याचा तुकडा, तीनदा उकळून.
तरी बांगड्याचा वास. असू दे.

"यात औषध काय घालतोस?" वहिनींनी विचारलं.
विरजण, म्हटलं.
देवळामागच्या तळीतला एक बुळबुळीत दगड
ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता,
तो बरणीत मधोमध ठेवला.
मग टाकीत एक कोळंबी टाकली, सडू दिली.
मासे तेव्हा अजून व्हाळातच होते.

पहिल्या फेरीहून आलो तर दारातच वास,
लिलावाच्या वेळी बंदरावर नसतो इतका.
दुसऱ्या फेरीहून आलो तर पाणी पेजेसारखं.
"ओतून टाक रे, हरेश."
कागदाची पट्टी बुडवली, ती गुलाबी झाली.
म्हणजे विष अर्धं पचलं होतं.
अर्धं पचलेलं बरं की वाईट, मला ठाऊक नव्हतं.
हात शिवशिवत होते
काहीतरी उघडायला, निपटायला.
हात मांडीखाली घेऊन बसलो.

तिसऱ्या फेरीला वादळाचा बावटा लागला,
जयगडच्या खाडीत चार दिवस नांगरून पडलो.
हर्णैला दीड दिवस लाईट नव्हती, हे नंतर कळलं.
घरी आलो
तर टाकीतून पलीकडची भिंत दिसत होती,
भिंतीवरची पालसुद्धा.

जांभ्यात कुणीतरी राहायला आलं होतं.
दिसत नाही, भाडं देत नाही,
जेवतं मात्र रोज.

बरणीच्या तोंडाशी अळूचा एक गड्डा खोचला होता,
उगाच, जागा होती म्हणून.
या भाद्रपदात त्याची पानं खिडकीबाहेर गेली.
वहिनी किल्ली द्यायच्या निमित्ताने येतात,
चार पानं खुडून नेतात.
काल डब्यात फदफदं आलं, चिंच जरा जास्त.
"माशांच्या शीवर वाढलंय हां," मी म्हटलं.
"मग? कुठलं अळू अत्तरावर वाढतं?
घे अजून."

उद्या पहाटे तीनची भरती.
निघण्याआधी बरणी एकदा उघडून बघावी
असं आलं मनात.
झाकणावर हात ठेवला. जाळं गार,
खाली थेंब पडत होते.
हात पुसला,
आणि पान्यांची पेटी पुढे ओढली.