झडप

आजव्याचं पाणी नळानं बडोद्यात आलं
तेव्हा मी दांडिया बाजारचा झडपवाला.
पहाटे चारला चावी फिरवायची;
आधी पाइप खोकायचा, मग पाणी.

समोर खांबेटेशास्त्री. नाडीवर तीन बोटं, डोळे मिटलेले,
जणू पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकतायत.
म्हणायचे, सुर्वे, रक्त यकृतात रंगतं
आणि पाटाच्या पाण्यासारखं अंगात जिरतं.
जिरलेलं मागे वळतं का कधी?
मी म्हणायचो, नाही.
शेत पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

दिवाळीला नीळकंठ आला मुंबईहून,
डाक्तरीच्या दुसऱ्या वर्षाचा.
घरात नेता येईना म्हणून माझ्या झडपघरात उघडलं त्यानं
केळीच्या पानात बांधलेलं बकऱ्याचं काळीज.
(काळीज कशाला म्हणायचं, हाही घोळच:
खाटकाकडे एक, ओवीत दुसरं.)
कंदील धरून त्यानं तीन पाकळ्या दाखवल्या.
मी लोट्यानं पाणी ओतलं.
इकडून गेलं. तिकडून अडलं.
मला हसूच आलं. बिडाची नाही, पण झडप आपलीच.

शास्त्री उंबऱ्याबाहेर उभे.
नीळकंठनं माझ्या दंडाला उपरणं आवळलं,
फुगलेल्या शिरेवर एक बोट दाबलं,
दुसऱ्यानं रक्त वर सारलं. शीर रिकामी राहिली.
दाबलेलं बोट काढलं, आणि ती भरली
पंज्याकडून, खांद्याच्या दिशेनं.

"एका ठोक्याला दोनच तोळे धरा, आप्पा.
दिवसाचे लाख ठोके."
शास्त्री पेरांवर मोजत राहिले.
"बासष्ट मण," म्हणाले.
"सरकारवाड्यातला हत्तीही एवढं जेवत नाही."
मग बराच वेळ काही नाही.
"जातं इथून, येतं तिथून. मधे ओलांडतं कुठे?"
"इतक्या बारीक वाटा, की डोळ्यांना दिसत नाहीत."
"म्हणजे न दिसणारं तुझ्याकडेही आहे तर."

नीळकंठ गेला. पुड्या त्याच राहिल्या,
पथ्यंही तीच.
फक्त एकदा, माझा ताप पाहताना,
शास्त्रींची बोटं मनगटावर नको तितकी रेंगाळली.
"सुर्वे, जन्मभर मी जाणारंच ऐकलं रे.
परतणाऱ्याला ठोका नसतो."

मला चारची पाळी होती. चावी फिरवली.
आजव्याचं पाणी घरोघर गेलं,
मोऱ्यांतून विश्वामित्रीला मिळालं.
ते परत आलेलं मी काही पाहिलं नाही.