आरेखन : एम. एन.

टिपणीसांच्या नळाला पन्नास वर्षं झाली
म्हणून वागळे इस्टेटीत, रोड नंबर बावीसला, प्रदर्शन भरलंय.
काचेमागे तो पितळी नळ, त्यांचा एका काडीचा चष्मा,
आणि भिंतीवर
मी काढलेलं ड्रॉइंग.

आडनावातच टिपटिप, ती थांबवायला जन्म घेतला,
हा विनोद साहेब स्वतःच करायचे,
हसायचेही स्वतःच.
सत्तावीस वॉशर वाया गेले. चामड्याचे, रबराचे,
एक तर त्यांच्याच चपलेचा.
रात्रभर थेंब मोजून सकाळी सांगायचे,
नाखवा, एक नळ चार दिवसांत हंडाभर पाणी गमावतो.
मी म्हणायचे, आमच्या चेंदणीत
त्या हंड्यासाठी पहाटे चारला भांडणं होतात.

मी ट्रेसर. महिना एकशे ऐंशी.
शाई फुटली की ब्लेडने खरवडायची,
श्वास रोखून.

गाईड मुलांना सांगतोय :
कौपिनेश्वराच्या पिंडीवर अभिषेकपात्र ठिबकत होतं,
ते बघता बघता साहेबांना सुचलं.

असेलही.
मला तो बुधवार आठवतो.
माझ्या डब्यातली एक तिसरी त्यांनी बोटांत धरली,
रश्श्यातली, न उघडलेली. ही का बंद?
टाका ती, मी म्हटलं, आधीच मेलेली असणार.
जितीची गोष्ट वेगळी.
तिला दाबाल तेवढी ती घट्ट मिटते.

त्यांचा घास तिथेच राहिला.
डब्याखालच्या वर्तमानपत्रावर
रश्श्याच्याच बोटाने एक गोल,
गोलात शिंपला,
मागून एक बाण.
पाण्याचा जोर, नाखवा, पाण्यालाच अडवील!

संध्याकाळपर्यंत मी ते शाईत उतरवलं.
तेलाचा डाग तेवढा वगळून.

एका मुलीने कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.
हे एम. एन. काय?
मॉडेल नंबर, गाईड म्हणाला.

मंदाकिनी नाखवा दोन पावलांवर उभी होती.
जीभ टाळूला चिकटलेली. की नुसतंच हसू येत होतं,
आता नीट सांगता येत नाही.

मुलगी मात्र खाली बघत होती,
फरशीवर, काचेच्या कपाटालगत, जिथे
एकेक थेंब पडत होता.

आजी, तुमची पिशवी गळतेय.

येताना बाजारातून एक वाटा घेतला होता.
जित्या आहेत, मी म्हटलं.