हितसंबंध नसल्याचं प्रतिज्ञापत्र

नेमणूक सरकारची, फी मात्र कंपनीच्या तिजोरीतून.
म्हणजे जिच्या खात्यांत बोट घालायचं
तिच्याच टेबलाशी बसून,
तिच्याच पंख्याखाली.
म्हणून नियम: पाण्यापलीकडे काही घेऊ नये.

बॅलार्ड इस्टेट, दगडी इमारत, तिसरा मजला.
रोज अकराला सुभान चहा आणतो,
सव्वाअकराला तोच चहा परत नेतो.
आज सतरावा दिवस.
हल्ली तो कपात काही ओततच नसावा,
बशी झाकून आणतो, बशी झाकून नेतो.
दोघांचंही रजिस्टर चोख.

टॅक्सीच्या पावत्या मी तारखेनुसार टाचते.
मला तपासणारं कुणीतरी आहे,
त्यांनाही कुणी असेल,
असं वर वर जात कुठेतरी
एक माणूस एकटाच जेवत असेल
ज्याच्या डब्यात कुणी डोकावत नाही.
त्याच्याबद्दल परिपत्रक गप्प आहे.

शंभरातले पाच दावे, यंत्राने उचललेले.
सदतिसावा: मासेमारीची बोट, कफ परेडचा किनारा,
इंजिनापाशी आग, दोन जाळी, बर्फाची पेटी, सगळं खाक.
दावा नामंजूर.
बहात्तर तासांत कळवायचं होतं.
आग शुक्रवारी पहाटे चारची,
पत्रावरचा शिक्का सोमवारी दुपारी तीन दहाचा.
अकरा तास उशीर. बेरीज बरोबर.

मी फाटकावरची वही मागवली.
ती कधी कुणी मागवत नाही,
धूळ झटकून आणून दिली वॉचमनने.
शनिवारच्या पानावर, शिसपेन्सिलीत:
एक बाई. एक लिफाफा. ऑफिस बंद.

सतरा दिवसांत पहिल्यांदा
मला सपाटून भूक लागली.

मग अर्जदाराचं नाव वाचलं.
हिरा जोमा तांडेल.
कोपऱ्यात फोटो, नाकात तीच मोरणी.
दर शुक्रवारी आमच्या जिन्याखाली पाटी उतरवते ती.
गेल्या खेपेला माझ्याकडे सुटे नव्हते.

प्रतिज्ञापत्र, कलम नऊ:
दावेदाराशी आर्थिक व्यवहार आहे काय?
असल्यास स्वरूप लिहावे.
लिहिलं:
होय. देणे, रुपये दोनशे चाळीस.
दोन पापलेट.

कुणी हसलं नाही. नियम तसा आहे
आणि मला तो पटतो, हीच तर अडचण.
फाईल सीलबंद होऊन दुसऱ्या तपासनिसाकडे गेली.
वही सोबत गेली का,
हे विचारायचा अधिकार मी त्याच सहीने सोडला.
पानाला टाचणी लावली होती, एवढं आठवतं.
शिसपेन्सिल फिकट होती, तेही.

शुक्रवारी जिन्याखाली पैसे पुढे केले.
"र्‍हाऊ दे गो बाय, तू काय पळून जातेस?"
म्हणाली, म्हावरं आता दुसऱ्याच्या बोटीचं,
पण ताजं आहे, बांगडा बघ, डोळा बघ.
मी दोनशे चाळीस तिच्या पाटीच्या कडेला ठेवले
आणि म्हटलं, आज नको.
पुढल्या शुक्रवारीही नको बहुतेक.

ती बघत राहिली.
"का? माझा काटा खोटा वाटला तुला?"

आणि तिने काटा उचलून धरला,
माझ्या डोळ्यांसमोर,
दोन्ही पारडी रिकामी,
ओली,
अजून जराशी हलणारी.