चार सेकंद

वेंडेल हॅक्स्टनने आधी साबण विकला,
मग फ्रीज, मग कुत्र्यांचं खाणं,
आणि चौसष्ट साली एक न्यायाधीश.
"सगळं सारखंच असतं, डोरीन," मला म्हणाला,
"फक्त माणूस परत करायला पावती नसते."

टोलीडो, ओहायो. तिसरा मजला, खाली चपलांचं दुकान,
खिडकीत काचकारखान्याची धुराडी.
मी फिल्म कापायचे.
तीस सेकंदांत सातशेवीस चौकटी,
आणि एवढ्यात बसवायचा अख्खा माणूस,
त्याची बायको, त्याचं गाव, त्याचा देव.

उमेदवार यायचे घामेजलेले, टायला गुदमरलेले.
हा त्यांच्या बाह्या स्वतः दुमडायचा,
कोपराखाली बरोबर दोन बोटं.
"वर गेली तर मारामारी, खाली राहिली तर बँक."
कुत्रा भाड्याचा. बिस्किट नाव त्याचं.
तीन गव्हर्नरांचे गाल चाटले त्याने,
दोन पक्षांचे.

मग ऑर्विल ट्रॉम्बली उभा राहिला, आमच्या विरुद्ध.
शाळांचा अधिकारी. खिशात खडूचे तुकडे.
कुणी तरी विचारलं, कर वाढवाल का?
तो छताकडे बघत राहिला
एखादा सेकंद,
आणि म्हणाला, "हो. शाळांची छपरं गळतायत.
पण किती, ते तुम्हाला विचारून."

आम्ही तो सेकंद घेतला.
लॅबमधून चौकटी पुन्हापुन्हा छापून आणल्या,
एकाचे चार केले.
मिटलेलं तोंड, वर गेलेले डोळे,
मागे घड्याळाची टिकटिक (ती माझीच कल्पना).
"हो" मी कापून टाकला.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
मी तिला सांधा घातला.

एकोणीस हजारांनी पडला तो.
वेंडेलने मला उंची कोट आणला. मी तो घातलाही.

पुढे वॉशिंग्टन, तीन फोन, दोन घटस्फोट,
मनिलात, लिमात जाऊन दुमडलेल्या बाह्या.
लोक त्याला जादूगार म्हणायचे,
तो "दुकानदार" असं दुरुस्त करायचा.
पण दर जूनमध्ये गाडी काढून
एरी सरोवराकाठी पोर्ट क्लिंटनला जायचा.
तिथे ट्रॉम्बलीने गळ आणि गांडुळांचं दुकान टाकलं होतं.
एक डबा गांडुळं घ्यायचा, सुटे पैसे मोजून,
हवेबद्दल बोलायचा,
आणि घरी येऊन गुलाबांच्या वाफ्यात सोडून द्यायचा.
गुलाबांना मानवलं ते.

शेवटी झटका आला. शब्द गेले.
मी भेटायला गेले, तर तोंड उघडून नुसता बघत राहिला,
आणि मी, सवयीने,
शहाण्णव चौकटी मोजल्या.
पुढेही काही आलं नाही.
नर्सने सूप आणलं.

दफनाला ट्रॉम्बली आला होता. चौऱ्याऐंशीचा,
हातात टोपी, बुटांना चिखल.
म्हणाला, "इतकी वर्षं आला,
पण मासा एकही धरला नसेल त्याने. खरं ना?"

माझ्या गाडीच्या डिकीत बिस्किटांचा एक डबा होता.
आत अडीच फूट फिल्म, व्हिनेगरचा वास मारणारी,
तिच्यावर एका माणसाचा "हो".
आज देऊन टाकायचा, असं ठरवून निघाले होते.

"नाही," मी म्हटलं. "त्याला पोहायलाही येत नव्हतं."

तो हसला. टोपी घातली.
डबा अजून डिकीतच आहे,
वळणावर खडखडतो.